साउथॉलच्या शेजारचा बँड

द रट्स या बँडची पहिली तबकडी १९७९ च्या जानेवारीत निघाली. गाणं 'इन अ रट', वाजवणारी पंक, म्हणजे सत्तरीतलं बंडखोर, धडाक्याचं रॉक करणारी चार गोरी पोरं, आणि तबकडीवर नाव छापलेलं 'पीपल युनाइट'. ही काही नावाजलेली रेकॉर्ड कंपनी नव्हती. पश्चिम लंडनच्या साउथॉलमध्ये वाढलेल्या कॅरिबियन घरांतल्या मुलांनी, म्हणजे 'मिस्टी इन रूट्स' या रेगे (जमैकातून आलेलं संगीत) वाजवणाऱ्या बँडनं आणि त्यांच्या गोतावळ्यानं, चालवलेली ती संगीतकारांची सहकारी संस्था होती. म्हणजे या गोऱ्या पोरांना पहिला हात दिला तो त्यांच्या काळ्या शेजाऱ्यांनी.

मला हे आधी सांगावंसं वाटतं, कारण त्या काळातल्या लंडनची गोष्ट बहुतेक वेळा उलट्या बाजूनं सांगितली जाते. पंकवाल्यांनी रेगेला आपल्या मंचावर घेतलं, मोठं मन दाखवलं, असा तिचा सूर असतो. रट्सच्या बाबतीत मन आधी कुणी मोठं केलं हे त्या तबकडीवरच छापलेलं आहे.

नोकरीनिमित्त मी पश्चिम लंडनमध्ये आलो तेव्हा साउथॉलला लागून असलेल्या हेजला खोली घेतली होती. शनिवारी २०७ नंबरची बस पकडून साउथॉल ब्रॉडवेला जायचं, कढीपत्ता, गवार, ज्वारीचं पीठ पिशवीत भरायचं आणि परतायचं, असा क्रम होता. तिथे दुकानात पंजाबी कानावर पडते, हिंदीत बोललं तरी चालतं आणि परदेशात असल्याचा विसर पडतो. आमच्या ऑफिसात हेजमध्येच लहानाचा मोठा झालेला एक वयस्कर सहकारी होता. मी दर आठवड्याला साउथॉलला जातो हे कळल्यावर त्यानं दुसऱ्या दिवशी रट्सच्या 'द क्रॅक' या अल्बमची सीडी माझ्या टेबलावर आणून ठेवली. "तू दर आठवड्याला ज्या रस्त्यावरून जातोस त्याचंच आहे हे," एवढंच म्हणाला. मला तोवर पंक म्हणजे रंगवलेले केस आणि आरडाओरडा एवढंच माहीत होतं.

हेजची एक ओळख आपल्यालाही आहे, बहुतेकांना ठाऊक नसली तरी. आजोबांच्या घरी जुन्या तबकड्यांवर कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा असायचा, त्या कंपनीचा मोठा कारखाना याच गावात होता. रट्सच्या तबकड्या त्या कंपनीच्या नव्हत्या, पण त्यांच्या गायकाच्या आईवडिलांचं घर याच गावात होतं, जगभर गाणी पाठवणाऱ्या त्या कारखान्याच्या भोवतालात.

बँड उभा राहिला १९७७ मध्ये. गायक माल्कम ओवेन, गिटारवर पॉल फॉक्स, बासवर जॉन जेनिंग्ज, ज्याला सगळे सेग्ज म्हणत, आणि ड्रम्सवर डेव्ह रफी. माल्कम आणि पॉल जुने दोस्त. सत्तरीच्या सुरुवातीला दोघं वेल्समधल्या अँगलसी बेटावर एका कम्यूनमध्ये राहिलेले होते. फॉक्स आणि रफी याआधी एका फंक बँडमध्ये वाजवायचे. सेग्ज सुरुवातीला सामान उचलायला मदत करत होता. रफी बासवरून ड्रम्सवर गेला तेव्हा बास सेग्जच्या गळ्यात आला. त्या वर्षी लंडनमध्ये तीन सूर येणारा प्रत्येक जण बँड काढत होता. या चौघांना मात्र पंकच्या आधीच वाजवता येत होतं, आणि पुढे जे घडलं त्यात या गोष्टीचा मोठा वाटा आहे असं मला वाटतं.

पंक आणि रेगे यांची गाठ पडली त्यामागे एक अगदी साधं कारण होतं. १९७७ मध्ये कॉव्हेंट गार्डनच्या 'रॉक्सी' क्लबमध्ये पंक बँड वाजायचे. दोन बँडांच्या मध्ये तबकड्या लावायचं काम डॉन लेट्स या जमैकन आईवडिलांच्या मुलाकडे होतं. लावायला पुरेशा पंक तबकड्याच तोवर निघाल्या नव्हत्या. म्हणून तो घरून रेगे आणि डब, म्हणजे रेगेचाच आवाज कमी आणि वाद्यं जास्त असलेला प्रकार, घेऊन यायचा. पंकची पोरं रात्र रात्र तेच ऐकत राहिली. त्याच वर्षी द क्लॅश या पंक बँडनं रेगे गायक ज्युनियर मर्व्हिनचं 'पोलीस अँड थीव्ह्ज' आपल्या पहिल्या अल्बमवर घेतलं, आणि खुद्द बॉब मार्लीनं या दोस्तीवर एक गाणं केलं.

पण नुसतं ऐकून रेगे वाजवता येत नाही. आपल्या कानाला समेची सवय असते. भजनात टाळकरी असो, लावणीत ढोलकीवाला असो की मैफलीतला तबलजी, सगळे फिरून फिरून समेवर येतात आणि तिथे आपली मान हलते. रेगेचा जो 'वन ड्रॉप' ठेका आहे, त्यात ड्रमवाला पहिली मात्रा मोकळी सोडतो. घाव पडतो तो तिसऱ्या मात्रेवर. गिटार दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत छाटून जाते, आणि गाण्याचं सगळं वजन बास उचलतो. पंकचं तंत्र याच्या अगदी विरुद्ध, एकही मात्रा रिकामी ठेवायची नाही. म्हणून पंकवाला रेगे वाजवायला बसला की बहुतेक वेळा घात होतो. त्याला ती रिकामी जागा सहन होत नाही, तो ती भरून टाकतो.

रफी आणि सेग्ज ती भरत नाहीत. 'जाह वॉर' हे सुमारे सात मिनिटांचं गाणं हेडफोन लावून ऐका. बास सुरू होतो आणि आपण पहिल्या ठोक्याची वाट बघत राहतो. तो येत नाही, तरी गाणं पुढे चालत राहतं. फॉक्सची गिटार मधूनच एखादी चरचरीत ओळ टाकते आणि गप्प होते. माल्कमचा आवाज एरवी भिंत फोडायला निघाल्यासारखा असतो. इथे तो बातमी सांगणाऱ्या माणसासारखा गातो, दम राखून. आणि तो जे सांगतोय ते खरंच घडलेलं होतं.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. १९७६ च्या जूनमध्ये साउथॉलमधल्या डॉमिनियन चित्रपटगृहाजवळ गुरदीप सिंग चग्गर या १८ वर्षांच्या मुलाला गोऱ्या टोळक्यानं भोसकून मारलं. 'नॅशनल फ्रंट' हा उघड वंशद्वेषी पक्ष तेव्हा जोरात होता. चग्गरच्या मृत्यूनंतर पंजाबी पोरांनी 'साउथॉल यूथ मूव्हमेंट' उभी केली. थोरली मंडळी निवेदनं देत होती, पोरं रस्त्यावर उतरायला लागली. त्याच उन्हाळ्यात रॉक गिटारवादक एरिक क्लॅप्टननं बर्मिंगहॅमच्या कार्यक्रमात दारूच्या नशेत परदेशी लोकांविरुद्ध गरळ ओकलं, आणि त्यावरच्या संतापातून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ सुरू झाली. काळे आणि गोरे बँड एकाच मंचावर आणायचे, हा तिचा मुख्य कार्यक्रम. रट्स आणि मिस्टी या कार्यक्रमांतून पुन्हा पुन्हा एकत्र वाजले.

मग १९७९ ची निवडणूक आली. साउथॉलमध्ये नॅशनल फ्रंटला विचारतं कोण, तरीही त्यांनी साउथॉलच्या टाउन हॉलमध्ये प्रचारसभा लावली. तारीख २३ एप्रिल. उमेदवार उभा आहे म्हटल्यावर सभागृह द्यायला हवं, असा कायद्याचा आधार होता. त्या दिवशी दुपारी साउथॉलनं दुकानं बंद केली, कामगार कारखान्यांतून बाहेर आले. अडीच हजारांहून जास्त पोलीस आणले होते, घोडेस्वार होते, 'स्पेशल पेट्रोल ग्रुप' नावाचं खास पथक होतं. संध्याकाळपर्यंत तीनशेहून जास्त माणसं अटकेत होती. सभेला विरोध करायला आलेला, पूर्व लंडनमधल्या शाळेत शिकवणारा, मूळचा न्यूझीलंडचा, ३३ वर्षांचा ब्लेअर पीच डोक्यावर घाव बसून त्याच रात्री गेला.

टाउन हॉलपासून जवळच पार्क व्ह्यू रोडवर ६ नंबरचं घर होतं. तेच पीपल युनाइटचं ठिकाण. मिस्टीची मंडळी तिथे तालीम करायची, आणि त्या दिवशी जखमींवर प्रथमोपचार करायची सोयही तिथेच केली होती. पोलीस आत घुसले. आतल्या माणसांना दंडुक्यांनी झोडपत बाहेर काढलं, वाद्यं आणि ध्वनियंत्रणा फोडली. मिस्टीचा व्यवस्थापक क्लॅरेन्स बेकर याच्या डोक्यात दंडुका बसून कवटी फुटली आणि तो दीर्घकाळ बेशुद्ध राहिला.

'जाह वॉर' त्याच्यावर आहे. गाण्यात त्याचं नाव येतं. ज्यानं तीन महिन्यांपूर्वी यांची पहिली तबकडी काढायला मदत केली, त्या घराची ही हकीकत. आता सांगा, याला 'शैलींचा संगम' म्हणायचं? समीक्षक म्हणतात, म्हणोत. शेजाऱ्याच्या घरावर हल्ला झाला आणि यांनी तो त्याच्याच ठेक्यात सांगितला. पंकच्या वेगात हे गाणं झालं असतं तर घोषणा झाली असती. रेगेनं त्यांना थांबून सगळं सांगायला जागा दिली.

पीचच्या अंत्यविधीआधी त्याचा देह डॉमिनियन चित्रपटगृहात ठेवला होता. हे थिएटर इंडियन वर्कर्स असोसिएशनच्या मालकीचं, एरवी तिथे हिंदी सिनेमे लागायचे. हजारो माणसं रांग लावून त्याच्यासमोरून गेली, त्यांत साउथॉलची पंजाबी माणसं सर्वांत जास्त. मृत्यूच्या चौकशीत १९८० मध्ये 'अपघाती मृत्यू' असा निकाल लागला. पोलिसांचा स्वतःचा अंतर्गत अहवाल २०१० मध्ये खुला झाला. घाव पोलिसाच्याच हातचा असणार हे त्यात जवळपास खात्रीनं म्हटलं होतं. शिक्षा कुणालाही झाली नाही.

या सगळ्या धामधुमीत, त्याच वर्षीच्या जूनमध्ये, 'बॅबिलॉन्स बर्निंग' आलं आणि ब्रिटनच्या खपाच्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत चढलं. रेकॉर्ड कंपनी आता व्हर्जिन होती. हे गाणं सरळ पंक आहे, रेगेचा एकही ठोका नाही. पण बॅबिलॉन हा शब्द जमैकातल्या रास्ताफारी पंथाच्या लोकांचा, अन्यायाच्या साऱ्या व्यवस्थेला ते बॅबिलॉन म्हणतात, पोलिसालाही. तो माल्कमच्या तोंडी आला तो मिस्टीच्या सोबतीतूनच असावा. फॉक्सची ती सुरुवातीची गिटार एकदा ऐकली की दिवसभर डोक्यात वाजत राहते. माल्कम त्यात सांगतो की शहर जळतंय, रस्त्यात जळाल, घरात जळाल, आणि ही आग आहे चिंतेची, अस्वस्थतेची. टीव्हीवर 'टॉप ऑफ द पॉप्स'मध्ये चकचकीत डिस्को गाण्यांच्या मधोमध हे चौघं उभे राहिले. त्यांच्या शहरात त्या उन्हाळ्यात हीच भावना होती, म्हणून ते इतकं चाललं असावं.

सप्टेंबरमध्ये 'द क्रॅक' आला आणि अल्बमच्या यादीत सोळाव्या क्रमांकावर गेला. त्यात 'एस. यू. एस.' नावाचं गाणं आहे. १८२४ च्या भटक्यांविरुद्धच्या कायद्यातलं एक कलम पोलीस तोवर वापरत होते. गुन्हा घडायची गरज नाही, संशय आला की पकडा. पकडली जायची ती बहुतेक काळी पोरं. आपल्याकडे पारध्यांच्या पालावर जाऊन विचारलं तर हा कायदा कुणाला समजावून सांगावा लागणार नाही. इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा आपल्याकडे आणला तो याच विचारातून, आणि तो रद्द झाल्यानंतरही पोलिसांच्या नजरेतून गेलेला नाही. 'सस'चं कलम ब्रिटनमध्ये १९८१ मध्ये रद्द झालं. हे गाणं मला संगीत म्हणून 'जाह वॉर'च्या तोडीचं वाटत नाही, जरा धावपळीचं आहे. पण १९७९ मध्ये गोऱ्या बँडनं ते अल्बमवर घेणं ही लहान गोष्ट नव्हती.

'जाह वॉर' वेगळ्या तबकडीवर काढलं तेव्हा ते यादीत आलंच नाही. सात मिनिटांचं, पोलिसांवर बोट ठेवणारं गाणं रेडिओ लावणार कसा? जॉन पील लावायचा. बीबीसीवरच्या या माणसानं रट्सला अगदी पहिल्या तबकडीपासून उचलून धरलं होतं, मिस्टीलाही.

त्या पहिल्या तबकडीची दुसरी बाजू मी फार उशिरा ऐकली. तिच्यावरच्या गाण्याचं नाव 'एच आइज'. हे गाणं हेरॉइनवर आहे. कोवळ्या वयात मजा म्हणून सुई टोचून घेणाऱ्या कुणाला तरी माल्कम बजावतो की तू यात मरशील. आवाजात दया नाही, चीड आहे. हे जानेवारी १९७९. वर्षभरानंतर तो स्वतः त्याच विळख्यात होता.

१९८० च्या वसंतात 'स्टेअरिंग ॲट द रूड बॉइज' बाविसाव्या क्रमांकावर पोचलं. त्याच्या मागच्या बाजूला 'लव्ह इन व्हेन' आहे, संथ रेगे, आणि मला विचाराल तर माल्कमनं गायलेलं सर्वांत सुंदर गाणं. एखाद्या बाईला आता तू माझ्या आयुष्यात नको म्हणावं, तशा शब्दांत तो हेरॉइनला नको म्हणतो. वर्षभरापूर्वी दुसऱ्याला दटावणारा आवाज इथे स्वतःसाठी गयावया करतो आहे. घशाच्या दुखण्यानं कार्यक्रम रद्द होत होते, व्यसन सगळ्यांना दिसत होतं. शेवटी बाकीच्या तिघांनी त्याला बाजूला केलं. त्या काळात तिघं स्वस्थ बसले नाहीत, स्का या रेगेच्या आधीच्या जमैकन संगीताच्या जुन्या उस्तादांपैकी एक असलेल्या लॉरेल एटकिनला त्यांनी पीलच्या कार्यक्रमात साथ केली, गायक केव्हिन कॉइनबरोबर एका अल्बमवर वाजवलं. मग माल्कम सावरतोय असं वाटलं, पुन्हा एकत्र यायची बोलणी झाली. १४ जुलै १९८० रोजी हेजमध्ये आईवडिलांच्या घरी, न्हाणीघरात तो मेलेला सापडला. हेरॉइनचा अतिरेक. वय २६.

अशा मृत्यूंना एक झळाळी चढवायची रॉकच्या दुनियेत सवय आहे. मला तिचा राग येतो. ज्या माणसाला आपलं काय होणार हे पहिल्याच तबकडीवर ठाऊक होतं, ज्यानं ते लिहून, गाऊन, छापून ठेवलं, त्याला ते टाळता आलं नाही यात झळाळी कसली? रस्त्यावरच्या दंडुक्याविरुद्ध या चौघांनी अख्खं साउथॉल सोबत घेऊन गाणं केलं. घरातल्या न्हाणीघरात त्याच्या सोबतीला कुणी नव्हतं.

त्याच्या जाण्यानंतर काही आठवड्यांनी 'वेस्ट वन' बाजारात आलं, त्रेचाळिसाव्या क्रमांकावर थांबलं. रात्रीच्या मध्य लंडनमध्ये एकटा फिरणारा माणूस आहे त्यात. हे मी फारसं ऐकत नाही. ऐकवत नाही.

वर्षभरातच साउथॉल पुन्हा पेटलं. ३ जुलै १९८१ रोजी 'हॅम्ब्रो टॅव्हर्न' या पबमध्ये द फोर-स्किन्स आणि आणखी दोन बँडांचा कार्यक्रम होता. त्यासाठी बसगाड्या भरून स्किनहेड, म्हणजे डोकी भादरलेली गोरी पोरं, आले, वाटेत दुकानांच्या काचा फुटल्या, लोकांना त्रास झाला. साउथॉलची पोरं जमली आणि त्या रात्री पब जळाला. तेही पंकमधूनच निघालेलं संगीत होतं, त्याच साउथॉल ब्रॉडवेवर. दोन-तीन वर्षांपूर्वी ज्या वस्तीत रट्सला आपली पोरं मानत होते, तिथे आता गिटार घेऊन कोण येतंय हे बघून दारं लावायची वेळ आली होती. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्याशिवाय रट्स काय होते हे कळत नाही असं मला वाटतं. साउथॉलला चीड गोंगाटाची नव्हती, आणि गोऱ्या कातडीचीही नव्हती.

उरलेल्या तिघांनी नाव थोडं बदललं, 'रट्स डी. सी.'. डी. सी. म्हणजे 'दा कापो', संगीताच्या लिपीत 'पुन्हा सुरुवातीपासून' अशी खूण असते ती. १९८२ मध्ये त्यांनी मॅड प्रोफेसर या गयानात जन्मलेल्या डबच्या कारागिराबरोबर 'रिदम कोलिजन' केला. माल्कम नसल्यानं शब्द कमी झाले, मोकळ्या जागा वाढल्या. डबमध्ये मिक्सिंगला बसलेला माणूस गाण्यातून एकेक वाद्य काढून घेतो, गायकाचा आवाज काढून घेतो, त्याच्या जागी प्रतिध्वनी सोडतो. ज्यांचा गायक गेलाय अशा बँडनं नेमका हा प्रकार धरावा, यात त्यांचा काही हेतू होता की नाही देव जाणे, पण तो अल्बम ऐकताना माल्कम सतत आठवतो. १९८३ मध्ये हेही संपलं. रफी पुढे अ‍ॅझ्टेक कॅमेरासारख्या बँडांबरोबर वाजवत राहिला.

२००७ मध्ये पॉल फॉक्सला फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचं कळलं. जुलैमध्ये लंडनच्या इस्लिंग्टन अकॅडमीत त्याच्यासाठी कार्यक्रम ठेवला. माल्कमच्या जागी गायला अमेरिकेतून पंक गायक हेन्री रोलिन्स आला, तो या बँडचा पोरवयापासूनचा भक्त. फॉक्स, सेग्ज आणि रफी कित्येक वर्षांनी एका मंचावर उभे राहिले. त्या रात्रीचं चित्रीकरण पाहायला मिळतं. फॉक्स आजारी आहे हे दिसतं. गिटार हातात आली की दिसत नाही. ऑक्टोबरमध्ये तो गेला.

सेग्ज आणि रफी थांबले नाहीत. ली हेगर्टीला गिटारवर घेऊन रट्स डी. सी. पुन्हा उभा केला, २०१६ मध्ये 'म्युझिक मस्ट डिस्ट्रॉय' हा अल्बम काढला. गातो आता सेग्ज. म्हातारपणीही त्यांचा ठेका तसाच घट्ट आहे, पहिली मात्रा मोकळी.

कुणाला ऐकायला सुरुवात करायची असेल तर 'बॅबिलॉन्स बर्निंग'पासून करू नका, ते कधीतरी कानावर पडेलच. आधी पहिली तबकडी, दोन्ही बाजू. मग 'जाह वॉर', आणि त्यानंतर 'लव्ह इन व्हेन'. एवढं झालं की रट्स बाजूला ठेवा आणि मिस्टी इन रूट्सचा १९७९ मध्ये बेल्जियममध्ये रेकॉर्ड केलेला 'लाइव्ह ॲट द काउंटर युरोव्हिजन' लावा. जे घर फोडलं गेलं, ते काय वाजवत होतं ते त्यात आहे.